गोलच्या मागची खुर्ची

माझा मुलगा रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. यजमान गेल्यापासून मी दर उन्हाळ्यात तीन महिने त्याच्याकडे जाते. तिथे मी फारशी बाहेर पडत नाही. भाषा येत नाही हे एक कारण झालं, पण आपल्या गावातसुद्धा चार माणसांत बसले की मला बोलणं सुचत नाही. चौथीत असताना गुरुजींनी काही विचारलं तर उत्तर येत असूनही मी खाली बघायचे. पुढे शाळा सुटली, सवय तेवढी राहिली. लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं, म्हणून मला लिहायला बरं वाटतं.

हे सगळं नात विद्यापीठाच्या मुलींच्या संघात फुटबॉल खेळत होती त्या उन्हाळ्यातलं.

नात तिथेच लहानाची मोठी झाली. आईबाप मराठीत बोलतात आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. त्या घरात हे इतकं नेहमीचं आहे की कोणाला त्याचं काही वाटत नाही. माझ्याशी मात्र तिला मराठीच बोलावं लागतं, कारण मला दुसरं काही येत नाही. तिची मराठी मोडकी आहे. भिंतीला ती 'तो' म्हणते आणि पंख्याला 'ती'. पण तिला काय म्हणायचं आहे ते मला कळतं.

तिने एक वर्ष इंजिनिअरिंग केलं आणि सोडून दिलं. शाळेत खेळाची शिक्षिका व्हायचं म्हणाली. माझा मुलगा फार चिडला. भांडण झालं तेव्हा मी इकडे होते, सुनेने फोनवर सांगितलं. त्यानंतर नात दोन मैत्रिणींबरोबर वेगळं घर घेऊन राहायला गेली. असं वाटून राहायच्या घराला तिथे 'वेगे' म्हणतात. रविवारी ती जेवायला यायची. बाप विचारायचा, अभ्यास चाललाय ना. ती म्हणायची, जा. म्हणजे हो. त्यापुढे दोघंही ताटात बघून जेवायची. मी वाढायचे आणि मनात म्हणायचे, ही दोघं अगदी एकासारखी एक आहेत.

त्या वर्षी संघाच्या नेहमीच्या गोलकीपर मुलीचा गुडघा दुखावला आणि तिच्या जागी नातीला उभं केलं. सुनेने हे मुलाच्या कानावर घातलं. शनिवारी तो म्हणाला, दुकानात जातोय, जाता जाता पाच मिनिटं डोकावतो. सूनही गाडीत जाऊन बसली. मी घरीच राहिले.

संध्याकाळी उजेड असतानाच जिन्यात आवाज ऐकू आले. दार उघडलं तर एवढी माणसं. मुलगा, सून, नात, तिच्या वेगेतल्या दोघी मैत्रिणी, खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा आणि नागपूरचा एक मुलगा. तो विद्यापीठात संशोधन करतो आणि घरचं खायला मिळेल तिथे हजर असतो. आजोबा मुलाच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून विद्यापीठाचा एकही सामना ते चुकवत नाहीत, मुलांचा असो की मुलींचा. त्यांनी स्वतःच्या बिअरच्या बाटल्या स्वतः आणल्या होत्या. दुकानातून आणायचं सामान मात्र कोणीच आणलं नव्हतं.

"काकू, तुमची नात जिंकली," नागपूरचा मुलगा म्हणाला. "तीन-दोन. आता खायला काय देता ते सांगा."

मी धिरड्यांचं पीठ भिजवलं. मिरची कमी घातली. त्या मुली धिरडी सफरचंदाच्या गोड लगद्याबरोबर खातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कसंसंच झालं होतं, आता मीच बरणी काढून ठेवते.

मला वाटलं, जिंकले आहेत तर हसतील, खातील आणि जातील. पण ते टेबलाभोवती असे बसले की जणू कोणाचं लग्न मोडलंय. नागपूरच्या मुलाने मला समजावून सांगितलं. चषकाच्या पुढच्या सामन्यासाठी चिठ्ठ्या काढल्या तेव्हा समोर पुन्हा हाच संघ आला होता. पुढच्या शनिवारी, याच मैदानावर. आजचा सामना चषकाचा नव्हता, त्यात हरलं तर काही फार बिघडणार नव्हतं, पुढच्यात हरलं की वर्ष संपलं. त्यामुळे आजचं जिंकणं खरं किती आणि नशिबाचं किती, हे आज रात्रीच्या आत ठरायला हवं होतं.

अडचण अशी होती की मधल्या सुट्टीपर्यंत आपल्या मुली तीन-शून्यने पुढे होत्या. नंतर दोन गोल खाल्ले आणि शेवटी कशाबशा वाचल्या. मग आपला कुठला हाफ खरा, पहिला की दुसरा?

आजोबा म्हणाले, दुसरा. ते आधी 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणतात, मग बाटलीकडे बघतात, मग बोलतात. समोरच्या संघातली पांढऱ्या बुटांची मुलगी सुट्टीनंतर मैदानात आली आणि तिनेच दोन्ही गोल केले, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या शनिवारी ती पहिल्यापासून असेल. एक मैत्रीण म्हणाली, आपल्या मुली दमल्या होत्या. दुसरी म्हणाली, ऊन डोळ्यांवर येत होतं. हे सगळं मला नागपूरचा मुलगा धिरडं खाता खाता सांगत होता, त्यामुळे त्यातलं थोडं त्याच्या तोंडातच राहिलं.

मग माझा मुलगा उठला. त्याने माझा मिसळणाचा डबा उघडला, त्यातल्या वाट्या बाहेर काढल्या आणि टेबलावर मांडल्या. मोहरी, जिरं, हिंग, तिखट. हळदीची वाटी त्याने स्वतःच्या पुढ्यात ठेवली, ती म्हणजे आमची नात.

"हे आजोबांना सांग," तो नागपूरच्या मुलाला म्हणाला. "पहिला हाफ खरा. का, ते दाखवतो."

झालं होतं असं. पाच मिनिटांसाठी गेलेला माझा मुलगा सामना संपेपर्यंत ओरडत होता, आणि तेही मराठीत. पांढऱ्या बुटांना, निळ्या बुटांना, कोणालाच कळू नये आणि फक्त आपल्या मुलीला कळावं म्हणून. डावीकडे. उजवीकडे. पुढे ये. थांब. पहिल्या हाफमध्ये त्याने डावीकडे म्हटलं आणि नातीने डावीकडे झेप घेऊन एक नक्की जाणारा गोल अडवला. तेव्हापासून त्याच्या अंगात आलं.

"दादा, मंडईत गाळा घेऊन टाका," नागपूरचा मुलगा म्हणाला. "काकू, बाजूच्या मैदानातला रेफ्रीसुद्धा थांबून बघत होता."

सून म्हणाली, "अहो आई, घरी चहा हवा का विचारलं तर हा नुसती मान हलवतो. तिथे बघायला हवा होता."

मुलाचं उत्तर तयार होतं. दुसऱ्या हाफमध्ये वारा सुटला, त्याचा एकट्याचा आवाज पलीकडच्या टोकापर्यंत पोचला नाही, म्हणून दोन गोल गेले. यावर उपाय एकच, पुढच्या शनिवारी सगळ्यांनी मिळून ओरडायचं. आजोबांना हे पटलं. ते म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, आणि मग माझ्या स्वयंपाकघरात मराठीची शाळा भरली. दोघी मैत्रिणी आणि आजोबा 'डावीकडे' म्हणायला शिकले. आजोबांना 'ड' जमेना. माझ्या मुलाने त्यांच्याकडून तो पुन्हा पुन्हा म्हणून घेतला. तो हसत होता. यजमान गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

नात टेबलाच्या कोपऱ्याला बसून धिरडं खात होती. बाप मध्येच तिच्याकडे बघून म्हणे, काय, बरोबर ना? ती म्हणे, जा, जा. आणि बोटाला बांधलेली पट्टी सोडून पुन्हा बांधे.

बुधवारी दुपारी ती एकटीच आली. घरी मी एकटी होते. तेल लाव म्हणाली. ती खाली बसली, मी पलंगावर. तिचे केस दाट आहेत, पण ती घट्ट बांधून बांधून कपाळापाशी विरळ व्हायला लागले आहेत. मी तेच सांगत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, शनिवारी मी नाही खेळणार. माझा बोट दुखतो असं सांगणार."

"दुखतंय का?"

"नाही."

मी तेल चोळत राहिले. थोड्या वेळाने तिने सगळं सांगितलं. मैदानाच्या एका टोकाला, गोलच्या मागे, गवताचा चढ आहे. बघायला येणारे सगळे त्या चढावर बसतात. पहिल्या हाफमध्ये ती त्याच बाजूच्या गोलमध्ये होती, म्हणजे पप्पा तिच्या पाठीमागे. तो डावीकडे म्हणाला की तिचीही तीच डावी. सुट्टीनंतर संघांनी बाजू बदलल्या आणि ती पलीकडच्या टोकाला गेली. पप्पा चढावरच राहिला, म्हणजे आता अगदी समोर.

"तेव्हा त्याचा डावा म्हणजे माझा उजवा," ती म्हणाली. "मग त्याला पण आठवतं, मग तो माझा सांगतो. मग विसरतो, परत त्याचा. मला माहीत नाही आत्ता कुठला. मी विचार करते आणि बॉल गेला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. शनिवारी टेबलावर हळदीची वाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या पुढ्यातच होती. बाजू बदलल्याचं त्याने टेबलावरसुद्धा दाखवलं नव्हतं.

"मग सांग ना त्याला."

मी वेणी घालायला घेतली.

"सांगितलं तर तो परत नाही बोलणार," ती म्हणाली.

ते खोटं आहे असं मी तिला कसं म्हणू? माझा मुलगा पाचवीत असताना धडे मोठ्याने वाचायचा. आमची एकच खोली. यजमान रात्रपाळी करून आलेले, ते म्हणाले, हळू वाच रे. रागावले नव्हते, नुसतं म्हणाले. त्या दिवसापासून त्याने मनात वाचायला सुरुवात केली, आणि दहावीपर्यंत मला त्याचा वाचताना आवाज ऐकू आला नाही. मी कितीदा म्हटलं, अरे वाच मोठ्याने, ते कामावर गेलेत. तो म्हणायचा, असंच बरंय.

वेणी झाली. मी तिला म्हटलं, "बोटाचं काही सांगू नकोस. शनिवारी मी येते."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. "तू? तिथे खूप लोक असतात."

"असू दे."

"येऊन काय करणार?"

"बसेन," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? काय करायचं ते मला तरी कुठे माहीत होतं?

पुढचे दोन दिवस मी मुलाला सांगायचा प्रयत्न केला. तो पहाटे कामावर जाण्याआधी चहा घेतो, तेव्हा मी समोर बसत असे. वाक्य तयार करून ठेवायचे. पण तो कप हातात धरून मला सांगायचा की आजोबांचा 'ड' आता सुधारलाय, जिन्यात भेटले की म्हणून दाखवतात. आणि माझं वाक्य जिथल्या तिथे राहायचं.

शनिवारी मी साडीवर स्वेटर घातला, पायांत सुनेचे जुने खेळाचे बूट घातले आणि गाडीत बसले. मुलाने माझ्यासाठी घडीची खुर्ची घेतली. मी येते आहे याचा त्याला इतका आनंद झाला होता की तो रस्ताभर मला फुटबॉलचे नियम समजावून सांगत होता. चढावर बरीच माणसं होती. मुली बिअर पिऊन मोठमोठ्याने हसत होत्या, कोणीतरी ढोल आणला होता. आजोबांनी टोपी काढून मला नमस्कार केला आणि 'डावीकडे' म्हणाले. मी पदर सावरून खाली बघत बसले.

पहिल्या हाफमध्ये नात आमच्या बाजूच्या गोलमध्ये होती. तिची पाठ मला दिसत होती आणि मी घातली होती तशीच वेणी. पांढऱ्या बुटांची मुलगी पहिल्यापासून होती. ती पळत आली की मी पदर घट्ट धरायचे. मुलगा ओरडायचा, त्याच्यामागून सगळा चढ ओरडायचा, आणि नात झेप घ्यायची. तिने दोनदा बॉल अडवला. सुट्टी झाली तेव्हा कोणाचाच गोल झाला नव्हता. आमच्या लोकांना वाटलं, जिंकलोच.

मग संघांनी बाजू बदलल्या. नातीने पाण्याची बाटली उचलली आणि ती मैदान ओलांडून पलीकडे निघाली. मध्ये एकदा वळून तिने चढाकडे पाहिलं. पलीकडच्या गोलच्या मागे कोणी नव्हतं. नुसतं कुंपण आणि एक झाड.

मी उठले. मुलाला म्हटलं, "मला तिकडे घेऊन चल."

"कुठे?"

"त्या झाडाखाली. इथे फार माणसं आहेत."

"अगं आई, तिकडे काहीच नाहीये. मॅच सुरू होईल आता."

"म्हणून तर म्हणते, चल लवकर."

यात काही खोटं नव्हतं. तिथे खरंच फार माणसं होती, आणि मला माणसांत बसवत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. त्याने खुर्चीची घडी केली, खांद्यावर घेतली आणि मला हाताला धरून मैदानाच्या कडेने नेलं. जाता जाता त्याने आजोबांना हाताने खूण केली, आता तुमच्यावर. आजोबांनी मान हलवली.

आम्ही पोचलो तेव्हा खेळ सुरू झाला होता. मी जाळीपासून चार हातांवर खुर्चीत बसले. मुलगा माझ्याशेजारी उभा राहिला. नातीला आम्ही आल्याचं कळलं असावं, कारण तिने खांदे सैल सोडले, पण ती वळली नाही.

पांढऱ्या बुटांची मुलगी आमच्या उजव्या हाताने आत आली. त्याच वेळी समोरच्या चढावरून सगळ्यांचा आवाज एकदम आला. डावीकडे. आजोबांचा आवाज त्यातही वेगळा कळत होता. ढोलही वाजत होता. नात क्षणभर कुठल्याच बाजूला हलली नाही, नुसती उभी राहिली. बॉल खांबाला लागून बाहेर गेला.

माझ्या मुलाचा हात वर उचललेला होता, उजवा. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग समोर चढाकडे पाहिलं. तिथे त्यानेच शिकवलेली माणसं त्याचेच शब्द ओरडत होती. मग त्याने हळूच हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी साडीच्या निऱ्या नीट करत होते.

मग तो बोलेनासाच झाला. बॉल दूर होता तेव्हाही आणि जवळ आला तेव्हाही. मी मनात म्हटलं, झालं, जे होऊ नये म्हणून आले तेच झालं. इतकी वर्षं मी या शांततेत काढली आहेत, ती मला लांबूनसुद्धा ओळखू येते. तो हाताची घडी घालून उभा होता, लहानपणी आमच्या खोलीच्या दारात अंधार पडेपर्यंत मनात वाचत उभा राहायचा तसा.

समोरच्या मुली पुन्हा जमायला लागल्या. कोपऱ्यातून बॉल मारायचा होता. नात दोन्ही हात पसरून उभी होती. ती मागे न बघताच म्हणाली, "पप्पा, बोल ना."

मराठीत म्हणाली.

माझ्या मुलाने घसा साफ केला. ओरडायची गरज नव्हती, ती तीन पावलांवर होती. तो नुसता म्हणाला, "उजवीकडे मागे एक जण मोकळी आहे." तिने मान हलवली. मग सामना संपेपर्यंत तो तिच्याशी तसाच बोलत राहिला, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. पलीकडून काय ओरडतायत ते दोघांनाही ऐकू येत नसावं. आता डावीकडे. थोडी पुढे. छान. असू दे. श्वास घे.

हरल्या शेवटी. सामना संपत आला असताना पांढऱ्या बुटांच्या मुलीने लांबून मारलेला बॉल नातीच्या बोटांवरून वर कोपऱ्यात गेला. ती गवतावर बसून राहिली. मला वाटलं, आता हा म्हणेल, एक पाऊल मागे असतीस तर. आमच्या घरात शंभरातले नव्वद मिळाले तर आधी दहांची चौकशी व्हायची, माझ्या सासऱ्यांपासूनची ती रीत आहे. तो जाळीपर्यंत गेला, बोटं जाळीत अडकवून उभा राहिला आणि म्हणाला, "तो कोणालाच अडवता आला नसता." ती उठली.

संध्याकाळी सगळे पुन्हा आले. हरले म्हणून धिरडी कमी लागतील असं मला वाटलं होतं, पण उलट जास्त लागली. आता पुढे कुठलाच सामना नव्हता, तरी बोलायचं तेवढंच होतं. आजोबांनी नागपूरच्या मुलाकरवी विचारलं की मुख्य ओरडणारा माणूस ऐन वेळी चढ सोडून कुठे गेला होता. हरायचं कारण तेच असं त्यांचं म्हणणं होतं.

"आईला गर्दी चालत नाही," माझा मुलगा म्हणाला. "तिला घेऊन गेलो होतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तव्याकडे तोंड केलं. नात येऊन माझ्याशेजारी उभी राहिली आणि तिने न विचारता पळी हातात घेतली. तिचं धिरडं जाड झालं आणि एका बाजूला फाटलं. मी ते माझ्या ताटलीत काढून घेतलं.

मागे मुलाने पुन्हा मिसळणाचा डबा उघडला होता. वाट्या मांडता मांडता त्याने हळदीची वाटी उचलली, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली आणि स्वतः उठून त्या बाजूला जाऊन बसला. मग त्याने नातीला हाक मारली आणि विचारलं, पांढऱ्या बुटांची ती पोरगी मारायच्या आधी तुला काही दिसलं होतं का. नात पळी माझ्या हातात देऊन त्याच्या शेजारी जाऊन बसली. ती जर्मनमध्ये सांगायला लागली, वाट्या सरकवत. तो मराठीत विचारत होता. मला त्यातलं अर्धंच कळत होतं, पण पीठ संपलं तरी त्यांचं चाललेलंच होतं.